दोन्ही कान दाखवा

लाँड्रीवाल्यांनी पत्र्याच्या डब्यात हात घातला, तर नेहमीसारखा मूठभर बिल्ल्यांचा खळखळाट झालाच नाही. तळाशी चारदोन बिल्ले नुसते टिणटिणले.

"अक्का, बिल्ले कुठे गेले गं?"

काउंटरवर बसलेल्या त्यांच्या थोरल्या बहिणीने मान वर केली नाही. ती एका शर्टाची कॉलर दाबून बसवत होती. "लोक हरवतात. मी काय खाते का बिल्ले?"

आता हे बिल्ले प्रकरण आधी समजून घ्यायला हवं, नाहीतर पुढचं काहीच कळायचं नाही. या लाँड्रीत पावती नव्हती. पितळेचे गोल बिल्ले होते, आणि प्रत्येक आकड्याचे दोन-दोन. गिऱ्हाइकाने कपडे दिले की एक बिल्ला त्याच्या हातात, दुसरा सेफ्टी पिनने त्याच्या गठ्ठ्यावर. गठ्ठा जायचा भिंतीतल्या त्याच आकड्याच्या खणात. गिऱ्हाईक बिल्ला घेऊन आलं की आकडा बघायचा, गठ्ठा काढायचा, दोन्ही बिल्ले परत डब्यात. लाँड्रीवाल्यांच्या वडिलांपासून हे असंच चालत आलं होतं आणि कुणाचा रुमालसुद्धा कधी इकडचा तिकडे झाला नव्हता.

रुमाल झाला नव्हता, पण एकदा एक सूट गेला होता. अक्का तेव्हा नवीन होती. ओळखीचा चेहरा बघून तिने सूट दिला, तो निघाला गिऱ्हाइकाचा भाऊ, आणि दोघा भावांचं आपसात बोलणं बंद होतं. तेव्हापासून अक्काने स्वतःला एक नियम घालून घेतला. नंबर बघायचा, तोंड बघायचं नाही. इतकी वर्षं ती लोकांच्या फक्त हातांकडे बघत आली होती. समोर राजा आला काय आणि भामटा आला काय, अक्काला त्याची बोटंच माहीत.

"अक्का, स्पष्टच सांगतो," लाँड्रीवाले म्हणाले, "तुझं वय झालंय. सगळीकडे आता मशीनच्या पावत्या आल्यात. एक जरी गोंधळ झाला ना, तर तू घरी आराम करायचास. मी बसेन काउंटरवर."

"एवढ्या वर्षांत झालाय का गोंधळ?"

"होईल तेव्हाचं म्हणतोय."

अक्काने कॉलर पुन्हा एकदा दाबली. घरी आराम म्हणजे काय ते तिला चांगलं ठाऊक होतं. घरात दिवसभर चिटपाखरू नसायचं. इथे तिची उंच खुर्ची होती, समोर रस्ता होता, गिऱ्हाइकं होती. चेहरे नसलेली का होईना, पण माणसं होती.

लाँड्रीवाल्यांनी हरवलेल्या आकड्यांचे नवे बिल्ले कोरून आणले. नवे आकडे घालून चालणारच नव्हतं, कारण भिंतीतल्या खणांवर आकडे रंगवलेले होते. त्यांना वाटलं, मिटला प्रश्न. प्रश्न तर तिथूनच सुरू झाला.

कारण बिल्ले काही लोकांनी हरवले नव्हते. ते लाँड्रीवाल्यांच्या मुलीच्या मैत्रिणींच्या कानांत लोंबत होते.

या मुलीला सगळे चिमटी म्हणत. हातात सदैव काहीतरी शिवायला, ओवायला, चिकटवायला, आणि ओठांत टाचण्या, म्हणून चिमटी. कॉलेजात गेल्यापासून तिच्यासमोर एकच यक्षप्रश्न होता. वर्गातल्या मुली रोज नवं काही घालून यायच्या आणि हिच्याकडे तेच ते दोन कुर्ते. पण पोरगी भलती हिकमती. मोडक्या छत्रीच्या कापडाची तिने झोळी शिवली. तुटक्या बटणांची माळ केली. शिंप्याची फाटकी टेप कमरेला पट्टा म्हणून बांधली, तर चार दिवसांत निम्मा वर्ग स्वतःची कंबर इंचांत मिरवू लागला.

आणि मग तिची नजर पत्र्याच्या डब्यावर पडली. पितळ, गोल, वर भोक पाडलेलंच, आणि मुख्य म्हणजे जोडीत! कानही दोन, बिल्लेही दोन. देवाने आणि आजोबांनी जणू तिच्यासाठीच योजना करून ठेवली होती. डब्यात पडून असलेले बिल्ले म्हणजे बिनकामाचे बिल्ले, असा तिने सोयीस्कर अर्थ काढला, चिंच लावून घासले आणि भोकांत तारेच्या आकड्या अडकवल्या. वर्गात पाऊल टाकताच गलका झाला.

"कुठून आणलेस गं?"

"आहे आमची एक सिक्रेट जागा."

एकीने बदल्यात पर्स दिली, एकीने गॉगल, एकीने तर तिची सगळी जर्नल्स पूर्ण करून द्यायचं कबूल केलं. प्रत्येकीला वेगळा आकडा. कुणाला वाढदिवसाचा, कुणाला परीक्षेत हव्या असलेल्या मार्कांचा. चिमटीचे पाय जमिनीला लागेनात. पहिल्यांदाच वर्गात तिच्या शेजारी बसायला भांडणं होत होती.

चिमटीची एक मैत्रीण होती, जिराफ. नाव उंचीमुळे. तिच्या लहान बहिणीने तसल्याच कानातल्यांचा हट्ट धरला, म्हणून जिराफ चिमटीला शोधत लाँड्रीत आली. चिमटी नव्हती. काउंटरवर अक्का होती, मान खाली.

"आत्या, हे बघा ना," जिराफ वाकली आणि डावा कान पुढे केला.

अक्काने कान बघितला. कानात बिल्ला बघितला. बिल्ल्यावर आकडा बघितला. क्षणभर ती थबकली, नाही असं नाही. पण मग तिला ती कल्पना पटलीच. लोक बिल्ले हरवतात, खिशात धुतात, एकाच्या तर बाळाने गिळला होता. कानात घातला की हरवायचा प्रश्नच नाही. आजकालच्या पोरी दिसतात तेवढ्या वेंधळ्या नाहीत, असं मनाशी म्हणत ती उठली, त्या आकड्याच्या खणातून गठ्ठा काढला आणि जिराफच्या हातात दिला.

"इस्त्रीचे तेवढे द्या. आणि तो काढा कानातला."

"काढू? मी तर अजून एक जोड मागायला आले होते."

"अजून जोड मिळेल की. अजून कपडे आणा, अजून मिळेल."

जिराफच्या डोक्यात काहीही शिरलं नाही. पण हातात परीटघडीचा गठ्ठा होता आणि मागत होते फक्त इस्त्रीचे पैसे. तिने ते दिले, बिल्ला कानातून काढून काउंटरवर ठेवला आणि बाहेर येऊन गठ्ठा उघडला. आत खाकी शर्ट, खांद्यावर पट्ट्या, छातीवर पितळी बटणं. अशी फॅशन बाजारात मिळवायची तर घर विकावं लागलं असतं.

दुसऱ्या दिवशी ती तो शर्ट घालून, कमरेला टेप बांधून कॉलेजात आली. गेटवरच्या शिपायाने तिला कडक सलाम ठोकला. अर्ध्या तासात बातमी सगळीकडे पोहोचली, आणि बातम्या जशा पोहोचतात तशी फुगून पोहोचली. चिमटीकडून कानातले घ्यायचे, लाँड्रीतल्या म्हातारीला कान दाखवायचा, की इस्त्रीच्या पैशांत कपडे! चिमटीला तर माहीतच असणार, असं धरून तिला तेवढं कुणी सांगितलं नाही.

अक्कासाठी तो आठवडा भरभराटीचा होता. कानामागून कान येत होते. अक्का आकडा बघत होती, खणातून गठ्ठा काढत होती. काही खण रिकामे असायचे, तेव्हा ती म्हणायची, "अजून धुवून आले नाहीत, परवा या." पोरी परवा यायच्या. तोवर खरं गिऱ्हाईक नवा बिल्ला घेऊन कपडे टाकून गेलेलं असायचं, आणि खण भरलेला असायचा.

अर्थशास्त्राचे प्राध्यापक वर्गात शिरले आणि त्यांचं लक्ष पहिल्या बाकावर गेलं. तिथे एक विद्यार्थिनी बसली होती आणि तिने त्यांचा शर्ट घातला होता.

निदान त्यांना तसं वाटलं. हिरव्या चौकड्यांचा. खिशाच्या कोपऱ्यात शाईचा डाग, बेडकाच्या आकाराचा. असा डाग जगात दुसऱ्या कुणाच्या खिशावर पडेल का? पण मग माझा शर्ट हिच्या अंगावर कसा? विचारायचं तरी काय? "बाळ, तू घातलेला शर्ट माझा आहे का," असं भर वर्गात विचारणारा प्राध्यापक संध्याकाळपर्यंत नोकरीवर राहील का?

"तर, मागणी आणि शर्ट," ते म्हणाले.

"पुरवठा, सर," मागून कोणीतरी म्हणालं.

"हां. पुरवठा. पुरवठा कुठून होतो, हाच माझा प्रश्न आहे."

तास सुटल्यावर ते तडक लाँड्रीत गेले आणि बिल्ला काउंटरवर ठेवला. अक्काने खण बघितला. रिकामा.

"दिले की काल."

"कुणाला दिले?"

"बिल्ल्याला."

"अहो, पण बिल्ला तर माझ्याकडे आहे!"

अक्काने तो उलटसुलट करून बघितला. आकडा बरोबर. खण रिकामा. कालचा बिल्लाही तिने स्वतःच्या हाताने डब्यात टाकला होता. एक बिल्ला माणसाच्या हातात, एक गठ्ठ्यावर, हे जगाचं गणित होतं. तिसरा बिल्ला आला कुठून? आपलंच काही चुकतंय का? वय झालं म्हणजे हेच होतं का?

"उद्या या," ती हळूच म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदा ती गिऱ्हाइकाशी खोटं बोलली होती.

दुसऱ्या दिवशी कॉलेजात जिराफने चिमटीच्या पाठीवर थाप मारली. "मानलं तुला! काय स्कीम काढलीयेस!"

"कसली स्कीम?"

जिराफने सांगितली. चिमटीच्या ओठांत टाचणी होती, ती गिळता गिळता राहिली. खाकी शर्ट, चौकडीचा शर्ट, कॅन्टीनमध्ये पांढरा कोट घालून फिरणारी ती दुसऱ्या वर्गातली मुलगी, सगळं एकदम तिच्या डोळ्यांसमोर उभं राहिलं. आणि त्या सगळ्यांच्या मागे आत्याची उंच खुर्ची उभी राहिली. सकाळीच आत्या तिची वेणी घालताना म्हणाली होती, "चिमटे, मला हल्ली काय होतंय कळत नाही गं. मी सगळं बरोबर करते आणि सगळं चुकतं. तुझ्या बाबाला सांगू नकोस हं. तो मला घरी बसवेल." तेव्हा चिमटीने फक्त मान हलवली होती. आता तिला रडूच कोसळलं.

ती एकेकीच्या मागे धावली. "कानातले परत दे, प्लीज!"

"वा गं वा! अजून मी कपडे नाही नेले!"

"आज संध्याकाळी लाँड्रीत ये मग. सगळ्या या. जे जे नेलंय ते सगळं घेऊन या."

बिचारीचा हेतू चांगला होता. आपण आधी पोहोचू, बाबा दुकान बंद करायला येण्याच्या आत कपडे खणांत ठेवू आणि कुणाला पत्ताही लागणार नाही, असा तिचा बेत होता. पण त्याच संध्याकाळी प्राध्यापक आले. बँकेचा रखवालदार आला, तो तीन दिवस घरच्या शर्टावर पहारा देत होता आणि साहेबाच्या शिव्या खात होता. दाताचे डॉक्टर आले. आणि या तिघांचा आरडाओरडा ऐकून लाँड्रीवाले आले.

"एकेकाने बोला हो!"

"माझा युनिफॉर्म!"

"माझा कोट! कोट नसला की पेशंट तोंड उघडत नाहीत!"

तेवढ्यात बाहेरून पोरींचा घोळका आत शिरला. पुढे जिराफ, अंगात खाकी शर्ट. रखवालदाराने तो बघितला आणि वर्षानुवर्षांच्या सवयीने आधी सलाम ठोकला. मग भानावर येऊन म्हणाला, "अहो बाई, हा मी आहे!"

"बिल्ला दाखवा, बिल्ला!" अक्का ओरडली. सगळ्यांनी दाखवले. प्राध्यापकांनी हात पुढे केला, त्यांच्या विद्यार्थिनीने डोकं पुढे केलं. हातात जो आकडा तोच कानात. डॉक्टरांच्या हातात जो, तोच पांढऱ्या कोटातल्या मुलीच्या कानात. अक्का हाताकडून कानाकडे आणि कानाकडून हाताकडे बघत राहिली. मग ती मटकन खुर्चीत बसली.

"एका नंबराचे दोन मालक," ती पुटपुटली. "मला वेड लागलं रे. मला घरी ने."

तेव्हा मात्र चिमटीला राहवलं नाही. ती गर्दीतून वाट काढत काउंटरच्या आत शिरली आणि अक्काच्या कमरेला मिठी मारून भडाभडा सगळं बोलून गेली. डबा, चिंच, आकड्या, जर्नल्स, सगळं. लाँड्रीवाले ऐकत होते आणि त्यांचा चेहरा गरम इस्त्रीसारखा तापत होता.

पुढचा तासभर त्या दुकानात काय झालं ते सांगायची सोय नाही. पडद्यामागे कपडे बदलले गेले, चुकीचे बदलले गेले, पुन्हा बदलले गेले. प्राध्यापक आपला शर्ट छातीशी धरून "धन्यवाद, अभ्यास करा" असं म्हणत बाहेर पडले. डॉक्टरांच्या कोटाच्या खिशात कुणाची तरी लिपस्टिक गेली आणि त्याचा खुलासा त्यांना घरी द्यावा लागला, असं नंतर कळलं.

सगळे गेल्यावर लाँड्रीवाले म्हणाले, "चूक कार्टीची, मान्य. तिच्याकडे बघतोच मी. पण अक्का, माणसाच्या कानात बिल्ला बघून तुला काहीच वाटलं नाही?"

"वाटलं ना. बरं आहे, हरवत नाही, असं वाटलं."

"आणि दोन्ही कानांत दोन होते ते?"

"मी एकच कान बघत होते. दुसऱ्या कानाशी माझं काय काम?"

लाँड्रीवाल्यांनी कपाळावर हात मारला. "उद्यापासून मी बसणार काउंटरवर. हे माझं शेवटचं."

"बाबा, शिक्षा मला करा ना! आत्याला कशाला?"

"तू तर तोंडच उघडू नकोस."

अक्का उठली. तिने कॉलर दाबायची फळी पुसली, जागेवर ठेवली आणि चपला घातल्या. जाताना खुर्चीच्या पाठीवरून तिने एकदा हात फिरवला. चिमटीने ते बघितलं आणि आपल्या दोन्ही कानांतले बिल्ले ओरबाडून काढले.

दुसऱ्या दिवशी लाँड्रीवाले खुर्चीत बसले. खुर्ची त्यांना उंच झाली, पाय लोंबकळत राहिले. पण मनाशी त्यांनी पक्की गाठ बांधली होती. कान दिसला की हाकलायचा. दुपारपर्यंत त्यांनी कानातलेवाल्या चार पोरी हाकलल्या. स्वतःवर ते भलतेच खूश होते.

दुपारी एक बाई आल्या. पन्नाशीच्या, केस आखूड, चष्मा सोनेरी काडीचा. "लवकर द्या हं," म्हणत त्यांनी डावा कान पुढे केला. कानात बिल्ला!

लाँड्रीवाल्यांचा पारा चढला. "बाई, पोरीसोरींचं मी समजू शकतो. पण तुम्ही? या वयात? फुकटच्या कपड्यांसाठी?"

"फुकटचे? अहो, माझा काळा कोट आहे तुमच्याकडे! आता कार्यक्रम आहे, पाहुणे येऊन बसलेत!"

"सगळ्या हेच म्हणतात."

"मी कॉलेजची प्राचार्या आहे!"

"कालच्यांत एक सेनापती होती. निघा."

नेमका त्याच वेळी अक्का भावाचा डबा घेऊन आली आणि तिच्यामागे चिमटी. कॉलेज बुडवून ती सकाळपासून आत्याला चिकटून होती. प्राचार्या बाईंना बघताच चिमटीचं पाणी पाणी झालं. तिने बाबांना खुणा केल्या, डोळे मोठे केले, हात जोडले. बाबांना वाटलं, पोरगी अजून माफी मागतेय.

अक्काने डबा काउंटरवर ठेवला. सवयीप्रमाणे तिने बाईंच्या तोंडाकडे बघितलं नाही. आधी डावा कान बघितला. मग, कालची अद्दल आठवून, ती बाईंच्या दुसऱ्या बाजूला गेली आणि उजवा कान बघितला. उजव्या कानात साधा मोती होता.

"अरे, हिच्या एकाच कानात आहे," ती म्हणाली.

"मग? दुसरा हरवला असेल."

"हरवला नाही. दुसरा तुझ्या मागे गठ्ठ्यावर टोचलाय. पोरींनी डब्यातून जोडी नेली, म्हणून त्यांच्या दोन्ही कानांत. गिऱ्हाइकाला आपण एकच देतो. हा खरा आहे. ऊठ."

लाँड्रीवाल्यांनी मागे वळून बघितलं. त्याच आकड्याच्या खणात काळा कोट होता आणि त्यावर दुसरा बिल्ला चमकत होता.

"काल मुलींच्या कानात बघितलं," प्राचार्या बाई थोड्या संकोचल्या, "म्हटलं, बरं आहे. पर्समध्ये सापडत नाही कधी."

"तेच तर मी म्हणत होते," अक्का म्हणाली, "हरवत नाही."

लाँड्रीवाले खुर्चीवरून उतरले. खरं तर घसरले. बाईंकडे बघायची सोय नव्हती आणि बहिणीकडे बघायची तर त्याहून नव्हती. शेवटी त्यांनी गळ्यातल्या पंच्याने खुर्चीची बैठक झटकली.

"अक्का, बस," ते म्हणाले. "चुकलो मी. तुझ्याशिवाय हे दुकान मला नाही जमायचं."

"जेवून घे आधी, डबा गार होतोय," अक्का म्हणाली आणि खुर्चीत चढून बसली. तिचे डोळे भरून आले होते, पण ते दिसायला कुणी तिच्या तोंडाकडे बघत नव्हतं. फक्त चिमटी बघत होती.

चिमटीला शिक्षा झालीच. सगळ्या मैत्रिणींकडून बिल्ले परत आणायचे, राख लावून घासायचे आणि डब्यात टाकायचे. ती ते करत होती. पण तेवढ्याने अक्काचं समाधान होईना. डब्यात अजून एकदोन जोड्या कमी होत्या, आणि नियम म्हणजे नियम.

म्हणून दुसऱ्या दिवशी काउंटरवर चिमटीच्या सुबक अक्षरात पाटी लागली. 'कपडे नेताना दोन्ही कान दाखवावेत.'

संध्याकाळी अर्थशास्त्राचे प्राध्यापक चौकडीचा शर्ट परत धुवायला टाकून, आधीची पँट न्यायला आले. बिल्ला त्यांनी नेहमीसारखा हातात धरला होता. अक्काने बिल्ला बघितला, आकडा बघितला, आणि थांबली.

"कान."

"अहो, पण बिल्ला माझ्या हातात आहे."

"पाटी वाचा."

प्राध्यापकांनी पाटी वाचली. मागे रांग होती, रांगेत दाताचे डॉक्टर होते, आणि रांगेतल्या दोनतीन विद्यार्थिनी आपल्याकडेच बघताहेत हे त्यांना कळत होतं. त्यांनी चष्मा काढला, मान डावीकडे वळवली, मग उजवीकडे वळवली.

"दोन्ही मोकळे आहेत," अक्का म्हणाली आणि पँट काढायला उठली.